'डिव्हाइन कॉमेडी' पहिल्यांदा वाचताना

'डिव्हाइन कॉमेडी' हे इटालियन कवी दान्तेचं काव्य: मृतांच्या लोकांतून यात्रा, यात्री दान्ते स्वतःच, आणि भाग तीन: 'नरक', 'शुद्धिलोक', 'स्वर्ग'. आधी दान्तेच्या आयुष्यातली चार सालं वहीत लिहून घ्या: १२६५, फ्लॉरेन्समध्ये जन्म; १२९०, जिच्यावर त्याचं प्रेम होतं त्या बिआत्रीचेचा मृत्यू; १३०२, हद्दपारी; १३२१, रावेन्नात अखेर. काव्यातली यात्रा घडते १३०० साली, ईस्टरच्या दिवसांत. लिहिली मात्र हद्दपारीत. म्हणूनच वाटेत भेटणारे मृतात्मे त्याला पुढची संकटं 'भविष्य' म्हणून सांगतात. हे माहीत नसेल तर 'नरका'च्या सहाव्या सर्गातच गोंधळ उडतो. राजकारण एवढंच लक्षात ठेवा: फ्लॉरेन्सच्या ग्वेल्फ पक्षात काळे आणि पांढरे अशी फूट पडली, दान्ते पांढऱ्यांतला, आणि सत्ता काळ्यांकडे गेली; हद्दपारी त्यातूनच आली.

प्रत घ्यायची ती एका पानावर इटालियन, समोर इंग्रजी आणि भरपूर टिपा असलेली. मूळ काव्यात तीन-तीन ओळींची कडवी आहेत आणि यमकं कखक, खगख, गघग अशी गुंफलेली आहेत. इटालियनमध्ये सारख्या शेवटाचे शब्द मुबलक आहेत. इंग्रजीत ती गुंफण सांभाळताना अर्थाची ओढाताण होते. तेव्हा पहिल्या वाचनाला गद्य किंवा यमकाविना केलेलं भाषांतर बरं. तरीही प्रत्येक सर्गाच्या पहिल्या सहा ओळी इटालियनमधून मोठ्याने वाचाच. आजची प्रमाण इटालियन दान्तेच्याच तोस्काना प्रांताच्या बोलीवर उभी आहे.

एका बैठकीत एकच सर्ग, म्हणजे सरासरी १४० ओळी. आधी टिपांकडे न बघता सलग, मग टिपा, मग पुन्हा सर्ग. टिपांपासून सुरुवात केली की नावांची यादी हाती राहते आणि काव्य निसटतं.

सगळ्यात मोठी चूक होते ती यात्री दान्ते आणि कवी दान्ते एकच मानल्याने. 'नरका'च्या पाचव्या सर्गात, दिरावरच्या प्रेमापायी मारल्या गेलेल्या फ्रान्चेस्काची कहाणी ऐकून यात्री बेशुद्ध पडतो. तिला नरकात ठेवलं आहे कवीनेच. हा ताण सव्विसाव्या सर्गात ग्रीक वीर युलिसीसपाशीही जाणवेल.

'नरका'चे ३४ सर्ग संपले की थांबू नका. 'शुद्धिलोक', म्हणजे स्वर्गाआधी आत्म्यांची पापं धुऊन निघतात ती जागा, हा सगळ्यात माणसांचा भाग: इथे सूर्य उगवतो, मावळतो, जुने मित्र भेटतात. तिसाव्या सर्गात वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, नाहीसा होतो, ते आधीचा सगळा प्रवास वाचलेल्यालाच लागतं. 'स्वर्गा'त घटना कमी, तत्त्वचर्चा फार. तिथे वेग निम्मा करा. कंटाळा आलाच तर आधी सतरावा सर्ग वाचा. त्यात पणज्याचा बाप काच्चाग्विदा दान्तेला सांगतो, परक्याची भाकरी किती खारट लागते आणि परक्याचे जिने चढणं-उतरणं किती जड जातं.