ठक, कुईं की घरघर? ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा आवाज नीट कसा ओळखायचा

मी वर्कशॉपच्या दाराशी टेबल टाकून बसतो. गाडी आत जाण्याआधी तक्रार जॉबकार्डावर उतरवून घेणं हे माझं काम. ‘गिअर बदलताना आवाज येतो’ एवढं सगळे सांगतात. कसला, म्हणून विचारलं की माणूस जरा लाजतो, आजूबाजूला कुणी बघत नाही ना याची खात्री करतो आणि मग तोंडाने काढून दाखवतो. तो आवाज मी जसाच्या तसा लिहितो. ठक. कुईं. खर्रर्र. आतल्या मेकॅनिकला ‘ट्रान्समिशन चेक करणे’ या ओळीपेक्षा त्यातून कितीतरी जास्त कळतं. तेव्हा लाजू नका, पण सोबत हेही बघून ठेवा की आवाज नेमका कधी येतो.

आधी आपला ऑटोमॅटिक कोणत्या जातीचा आहे ते गाडीच्या पुस्तकात बघा. एएमटी म्हणजे खरं तर साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त यंत्र करतं. त्यामुळे खट-खट ऐकू येणारच. हायड्रॉलिक एएमटीच्या काही गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडताच बॉनेटखालून दोनेक सेकंद ‘घूं’ येतो. तो पंप दाब भरून ठेवत असतो. हा आवाज ‘बंद करून द्या’ म्हणून हटून बसलेले लोक मी पाहिलेत. कोरड्या क्लचचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, हळू वेगात खराब रस्त्यावर थोडा खुळखुळतो. सीव्हीटीत तर ठरावीक गिअरच नसतात. बदलल्यासारखे वाटतात ते टप्पे सॉफ्टवेअरने पाडलेले असतात. आणि पी (पार्क) मध्ये असताना ब्रेक दाबल्यावर लिव्हरपाशी जो ‘टक्’ येतो, ते लिव्हरचं कुलूप विजेवर उघडणारं सोलेनॉइड. तो यायलाच हवा.

आता ठक. पी मधून डी (ड्राइव्ह) किंवा आर (रिव्हर्स) टाकताना पायाखाली बसणारा एकच ठोका. इंजिन थंड असताना आयडलिंग (रेस न देताचा इंजिनचा वेग) जास्त असतं, त्यामुळे ठोकाही मोठा लागतो. आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा खाली उतरेपर्यंत थांबून गिअर टाका आणि फरक पडतो का पाहा. तरीही ठक राहिली, तर गिअरबॉक्सवर आळ घेण्याआधी माउंटिंग, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स ज्यावर बसतात ते रबरी आधार, बघा. हे मी स्वतःचे हात पोळून शिकलो. माझी पहिली ऑटोमॅटिक जुनी घेतलेली होती, रिव्हर्स टाकला की ठक. रोज इतरांना दहा प्रश्न विचारणाऱ्या मी स्वतःच्या कार्डावर एकच शब्द लिहिला: गिअरबॉक्स. तो उतरवला, दोन दिवस गाडी रॅम्पवर, आत काही सापडेना. परत बसवताना पोराने माउंटिंगखाली पहार घालून उचललं, तर रबर आडवं फाटून दोन ओठांसारखं उघडलं. वरून मात्र ते अगदी शाबूत दिसत होतं.

घरी बघायचं तर दोन माणसं लागतात. चाकांना ओट लावा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडा. आत बसलेला माणूस ब्रेक घट्ट दाबून ठेवेल आणि पी, आर, एन (न्यूट्रल), डी असं प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबत लिव्हर फिरवेल; ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय लावायचा नाही. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही नको, यात सूट नाही. इंजिन थोडं कलतं, ते ठीक. उडी मारून आदळत असेल तर चोर सापडला.

फक्त चढ-उतारावर पी मधून काढताना ठक येत असेल तर दोष गाडीचा नाही, पार्किंगच्या सवयीचा. पी मध्ये गिअरबॉक्सच्या आत एक छोटा खटका दात्यात अडकतो आणि गाडीचं सगळं वजन त्याच्यावर लटकतं. थांबल्यावर ब्रेक दाबलेलाच ठेवून एन टाका, हँडब्रेक ओढा, गाडी हँडब्रेकवर बसू द्या, पुन्हा ब्रेक दाबा आणि मग पी.

कुईं ओळखणं जरा चिवट काम आहे. उभ्या गाडीत, पी मध्ये, हलकी रेस द्या. काट्याबरोबर आवाज चढला-उतरला तर तो इंजिनबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी आहे. त्यात गिअरबॉक्सचा ऑइल पंप येतो, तसे अल्टरनेटर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंपही येतात. रस्त्यावरची परीक्षा आणखी चांगली: मॅन्युअल मोडमध्ये ताशी ६० ला चौथा गिअर धरा, मग त्याच वेगाला तिसरा. सूर बदलला तर आवाज इंजिनच्या बाजूचा. काटा वर गेला आणि सूर तसाच राहिला, तर चाकांच्या बाजूला शोधा. टायर, बेअरिंग, डिफरन्शियल. बेअरिंगची घरघर वळणावर बदलते, कारण भार बाहेरच्या चाकावर जातो. डावीकडे वळताना वाढली तर पहिला संशय उजव्या चाकावर.

पंपाचा संशय असेल तर तेल बघा. यात घाई करू नका. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन गरम, चालू, गाडी सपाटीवर आणि लिव्हर पी मध्ये ठेवून मोजतात. काही गाड्यांत इंजिन बंद करून लगेच मोजायचं असतं. पुस्तक सांगेल तेच खरं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना डिपस्टिकच नसते. तेलाचं तापमान ठरावीक मर्यादेत असताना लेव्हल प्लग (पातळी बघायचं बूच) उघडून बघावं लागतं, आणि ते गाडी रॅम्पवर सपाट उचलूनच. ते घरी करू नका. डिपस्टिक असेल तर तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर सोडा. लाल आणि पारदर्शक पसरला तर छान. गर्द तपकिरी आणि जळका वास म्हणजे आतले क्लच भाजलेत. गुलाबट, गढूळ थेंब म्हणजे कूलंट मिसळलंय. गाडी पुन्हा सुरूच करू नका. (सगळी तेलं लाल नसतात. सीव्हीटीचं वेगळ्या रंगाचं असू शकतं.) कमी तेलाने पंप हवा ओढतो आणि कुईं करतो, जास्त तेलाचा फेस होतो आणि तोही कुईंच करतो. म्हणून ‘थोडं टाकून बघू’ हा उपाय मला मान्य नाही, आणि नावात ‘ऑटोमॅटिक’ आहे म्हणून हाताला लागेल तो डबा ओतणं तर मुळीच नाही.

ताशी ५० ते ८० च्या दरम्यान, हलक्या पायाने चालवताना, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवते का? टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देतो; त्याला थेट जोडणारा लॉक-अप क्लच नीट पकडत नसेल तर असं होतं, आणि बऱ्याचदा थकलेल्या किंवा चुकीच्या तेलाने होतं. मेकॅनिक वेग तसाच ठेवून ब्रेकला नुसता स्पर्श करतात. लॉक-अप सुटतो आणि थरथर क्षणभर जाते. तुम्ही करू नका. क्लचची सवय असलेला डावा पाय ब्रेकवर स्पर्श करत नाही, तो उभाच राहतो. इंजिनच्या मिसफायरनेही (एखाद्या सिलिंडरात इंधन नीट न पेटल्यानेही) अगदी अशीच थरथर होते, त्यामुळे प्लग आणि कॉइल तपासून घ्या.

डी मध्ये उभं असताना खडखड आणि एन मध्ये गायब? इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी फ्लेक्सप्लेट तडकली असेल, नाहीतर तिचे बोल्ट ढिले असतील. पण त्याआधी सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा गाडी पूर्ण थंड झाल्यावर हलवून बघा. गिअरबॉक्सच्या नावाने आलेल्या खडखडीत हा पत्रा मला इतक्यांदा भेटलाय की आता मी त्याला ओळखीचं मानतो.

दोन गोष्टींत मात्र वाट बघू नका. रेस दिली की काटा उडतो आणि गाडी जागेवरच रेंगाळते. किंवा लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खर्रर्र येतो. बाजूला घ्या, बंद करा. टो करताना इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं जमिनीवर ठेवू देऊ नका: इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि आतले भाग कोरडे फिरतात. पूर्ण गाडी उचलून न्या.

आवाज रेकॉर्ड करायचा तर शेजारच्याला मोबाइल धरायला सांगा आणि चित्रात काटे दिसू द्या, म्हणजे आवाजाबरोबर वेग, आरपीएम आणि गिअर आपोआप नोंदला जातो. काचा खाली करून लांब भिंतीच्या कडेने हळू गेलात तर भिंत आवाज परत पाठवते, तो आत बसूनही स्वच्छ ऐकू येतो. स्कॅनर लावला आणि पी०७०० कोड आला, तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी तक्रार आहे. खरा कोड त्याच्या आत बघायचा. लिहून घेतल्याशिवाय कोड पुसू देऊ नका. बॅटरी नुकतीच काढली होती का, तेही सांगा. काही गाड्या शिकलेलं विसरतात आणि थोडे दिवस गिअर धसमुसळे टाकतात.

परवा एका बाईंनी चिठ्ठीच लिहून आणली होती. मी ती तशीच कार्डाला टाचली: ‘सकाळी पहिल्यांदा, गाडी थंड. पी मधून आर. ब्रेक दाबलेला. एकदा ठक, पायाखाली. डी मध्ये कमी. गरम झाल्यावर नाही. तीन आठवडे. तेल कधी बदललं माहीत नाही.’ आतून पहार मागवल्याचा आवाज आला.