आधी वही, मग गोष्ट

पहिला सिनेमा मी गोष्टीपासून सुरू केला आणि तिथंच बुडालो. गोष्टीत नदीकाठचा वाडा होता. तो शोधणं, त्याचं भाडं, तिथवर युनिट नेणं यातच निम्मे पैसे गेले. दुसऱ्या सिनेमापासून उलटं सुरू केलं: ओळखीत काय फुकट मिळतंय ते आधी वहीत लिहायचं. मामांचा बंद पडलेला टॉवेलचा कारखाना, मित्राची जीप, मावशीची गच्ची. गोष्ट त्यातून काढायची. असे सहा झाले. पोट मात्र अजून लग्नाच्या शूटिंगवरच भरतं, हे आधीच सांगून ठेवतो.

युक्ती माझी नाही. अमेरिकेतल्या रॉजर कॉर्मन या दिग्दर्शकानं १९६० चा ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ दुसऱ्या सिनेमाच्या उरलेल्या सेटवर केला. मुख्य शूटिंग २ दिवस आणि १ रात्र. नवी मुलं एवढंच ऐकतात आणि ‘आपणबी दोन दिवसांत उरकू’ म्हणतात. अरे, त्याआधी ३ दिवस तालीम झाली होती, एकाच वेळी २ कॅमेरे चालू होते आणि बाहेरचे सीन नंतर वेगळे घेतले. मी तालमीला आठ दिवस देतो, तेही कारखान्यातच, म्हणजे कुणी कुठं उभं राहायचं हे शूटच्या दिवशी शोधावं लागत नाही.

आवाजाचा विचार लोकेशन बघतानाच करा. शेजारी यंत्रमाग चालू असला तर संवाद विसरा. मी एकदा पूर्ण दिवस ‘डबिंगला बघू’ म्हणत काढला. डबिंगनं त्या दिवसाच्या दुप्पट पैसे खाल्ले. आता मालकाला सुट्टीचा वार आधी विचारतो. मे महिन्यात दुपारी बारा ते चार बाहेरचा शॉट लावायचाच नाही, कलाकाराच्या आधी कॅमेरा तापतो.

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, गर्दी फुकट मिळते. सात नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक उभी करायला कुणाच्या बापाकडं पैसे आहेत? पण कॅमेरा खाली आणला की हरेक तिसरा माणूस त्यात बघून हसतो. गच्चीवरून लांबची लेन्स लावा. भुईकोट किल्ल्यात मात्र चोरून शूट नको. ती पुरातत्त्व खात्याची जागा, परवानगी लागते.

आणि जनावर. तिसऱ्या सिनेमात बैल घेतला. प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी काढायची असते, हे मला सेन्सॉरला गेल्यावर कळलं. चूक माझीच. बैलाचे सीन कापले, तर शेवटी म्हातारा कुणासाठी रडतो तेच कळेना.

जेवणात हात आखडू नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी टिकते, पण रोज तेच दिलं तर तिसऱ्या दिवशी स्पॉटदादाच विचारतो, “काय बे, परत तेच?” दुपारी एक गरम भाजी ठेवाच.

सध्या वहीत एक बंद पडलेलं थिएटर आहे, चाळीस खुर्च्या आणि किल्ली असलेला ओळखीचा वॉचमन. गोष्ट अजून सापडायचीय.