जुन्या गाडीचं टायमिंग लावताना

टायमिंग म्हणजे प्लगमध्ये स्पार्क (ठिणगी) नेमका कधी पडतो ते. डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्रत्येक प्लगकडे स्पार्क पाठवणाऱ्या भागाला, हात लावण्याआधी त्याच्या आतल्या कॉन्टॅक्ट पॉइंटचा (उघडझाप करणाऱ्या संपर्कांचा) गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. हा क्रम उलटा करू नका. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं (स्पार्क लवकर पडतो); म्हणजे आधी टायमिंग लावून नंतर गॅप बदललात, तर सगळी मेहनत वाया.

इंजिन नीट गरम होऊ द्या. इंजिनच्या पुलीवरची टायमिंगची खूण तेल-मातीखाली गडप झालेली असते, ती पुसून त्यावर खडूची बारीक रेघ ओढा. रेघ जाड झाली तर दोन-तीन अंशांचा फरक कळतच नाही. टायमिंग लाइटची (स्पार्कबरोबर चमकणाऱ्या दिव्याची) क्लिप एक नंबर सिलिंडरच्या प्लग वायरला लावा. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, आणि आयडलिंग दिलेल्या आरपीएमवरच ठेवा. आयडलिंग जास्त असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं फाकून टायमिंग पुढे गेलेलं दिसतं आणि आपण फसतो.

डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट किंचितच ढिला करा. आतला रोटर (फिरता भाग) फिरतो त्याच्या उलट दिशेला बॉडी फिरवली की स्पार्क लवकर पडतो. लाइट मारून पुलीवरची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर येईपर्यंत बॉडी फिरवा; खुणेकडे समोरून सरळ बघा, तिरकं नको. लाइटच्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसतो, म्हणून हात आणि बाह्या लांबच ठेवा.

बोल्ट आवळल्यावर पुन्हा लाइट मारा. आवळतानाच बॉडी हमखास हलते.