कुकर, गिझर, मिक्सर: पार्ट बदलताना या चुका टाळा

'ओरिजिनल देऊ की लोकल?' असं दुकानदार विचारतो आणि आपण लगेच किमतीकडे बघतो. त्याआधी बघायचं ते हे की तो पार्ट नक्की काय काम करतो.

कुकरच्या बाबतीत ही चूक सगळ्यात धोक्याची. शिट्टी हरवली की 'बसतेय ना, मग चालेल' म्हणून दुसऱ्याच कंपनीची आणतात. पण आतला दाब ठरतो तो शिट्टीचं वजन आणि खालच्या नळीचं छिद्र या दोघांवर. घरगुती कुकरमध्ये तो साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असतो, म्हणून आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं आणि डाळ झटपट शिजते. शिट्टी जड असेल तर दाब वाढतो, हलकी असेल तर डाळ कच्ची राहते. नळी चोंदली की सगळी भिस्त सेफ्टी व्हॉल्व्हवर. त्यातला धातू ठरावीक तापमानाला वितळून वाफेला वाट करून देतो. नकली व्हॉल्व्ह ऐन वेळी वितळेल याची खात्री कोण देणार? इथे पन्नास-शंभर रुपये वाचवू नका. रिंग आणायला जाताना जुनी रिंग सोबत न्या. नुसतं 'पाच लिटरची द्या' म्हणून भागत नाही, कारण आतल्या आणि बाहेरच्या झाकणाची रिंग वेगळी असते.

गिझरचा थर्मोस्टॅट, कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा) आणि प्रेशर व्हॉल्व्हही असेच, इथेही स्वस्तातलं नको. 'कटआउट सारखा ट्रिप होतोय, डायरेक्ट करून देतो', म्हणजे कटआउट वगळून वायर जोडतो, असं मेकॅनिक म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा.

पंख्याच्या कपॅसिटरला मात्र पंख्याच्याच कंपनीचं नाव हवं असा हट्ट नको. जुन्यावर २.५ मायक्रोफॅरड असेल तर तेवढाच घ्या, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि बनवणाऱ्याचं नाव व आकडे नीट छापलेला. जोरात फिरेल म्हणून मोठा बसवलात तर मोटर तापते.

मिक्सरचा रबरी कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा, लोकल चालतो, माप आणि आटे जुळले की झालं. भांडं अडकलं तर मोटरच्या आधी तो तुटावा म्हणूनच तो मऊ असतो, तेव्हा त्याच्या जागी 'कधीच न तुटणारा' घेऊ नका. काढताना ओढाताणही करू नका, बऱ्याच मिक्सरमध्ये आटे उलटे असतात.

वॉरंटी चालू असेल तर बाहेर उघडण्याआधी कार्ड वाचा. बिलावर पार्टचं नाव लिहून घ्या आणि जुना पार्ट परत मागा. ओरिजिनलचे पैसे घेऊन डुप्लिकेट बसवला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, तेव्हा हेच बिल कामी येतं.