पाळी लांबत असेल, तर आधी शरीराचे बळद पाहावे

बळदात, म्हणजे घरातल्या धान्याच्या कोठारात, जोंधळा किती आहे हे पाहून मगच घरातले मोठे कार्य ठरवावे, हा मराठवाड्यातील शेतकरी घरांचा हिशेब स्त्रीचे शरीरही पाळते. नऊ महिने गर्भ वाढवणे आणि पुढे बाळाला अंगावर पाजणे हा मोठा खर्च आहे, आणि तो झेपेल इतका साठा आहे की नाही, याची बातमी शरीरातील चरबीच मेंदूला पोचवते. ही बातमी नेणारे, चरबीच्या पेशींत तयार होणारे संप्रेरक म्हणजे लेप्टिन. त्याचा शोध न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने 1994 मध्ये लावला. लेप्टिन कमी पडले की मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला जाणारे संदेश मंदावतात, अंडाशयाला चालना मिळत नाही, बीज सुटत नाही आणि पाळी लांबते किंवा थांबते. म्हणून दिवस जात नसतील, तर महागड्या उपचारांचा विचार करण्यापूर्वी हा साठा घरच्या घरी तपासावा.

सुरुवात भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून करावी. पाळी आली त्या तारखेभोवती पेनाने गोल करावा आणि एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे दिवस मोजावेत. प्रौढ स्त्रीत हे अंतर साधारण 21 ते 35 दिवसांचे असते. तीन महिने पाळी आली नाही, तर आधी गरोदरपणाची चाचणी करावी, आणि ती नकारात्मक आली तरी डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.

त्यानंतर वजन आणि उंची घ्यावी. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. उंची 152 सेंटिमीटर आणि वजन 40 किलो असेल, तर तो सुमारे 17.3 येतो, म्हणजे 18.5 या किमान पातळीच्या खाली. त्याच उंचीला वजन 64 किलो असेल, तर तो 27.7 होतो, आणि भारतीयांसाठी 25 पासूनच लठ्ठपणा धरला जातो. शिंप्याच्या टेपने कंबरही मोजावी: श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध. स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढचे माप पोटावरील चरबी दाखवते.

मात्र केवळ काट्यावर विसंबू नये, आणि ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अंगावरची चरबी दिसण्याइतकी कमी होण्याच्या कितीतरी आधी, दोन-तीन दिवसांच्या उपाशीपोटीच लेप्टिन झपाट्याने खाली येते. म्हणजे अंगाने बरी दिसणारी स्त्रीही मेंदूच्या लेखी दुष्काळात असू शकते. पहाटे अंधारात फडावर जाऊन दुपारपर्यंत मोळ्या वाहणारी ऊसतोड कामगार स्त्री रिकाम्या पोटी राबते, घरी आल्यावर सगळ्यांची जेवणे उरकून उरलेली अर्धी भाकरी खाते आणि त्यातच उपवासही धरते. तिचा खर्च रोज जमेपेक्षा जास्त असतो. अशा वेळी निघण्यापूर्वी भाकरी आणि मूठभर शेंगदाणे पोटात जावेत, सोबतच्या शिदोरीत डाळ किंवा उसळ असावी, तिचे ताट सर्वांबरोबर वाढले जावे आणि पाळी थांबलेली असताना कडक उपवास करू नयेत. हे तिच्या एकटीच्या हाती नसते. सासूने आणि नवऱ्याने ते मनावर घ्यावे लागते. तिला वांझ म्हणून हिणवण्याआधी तिच्या ताटात काय पडते ते पाहावे, एवढे मी कळकळीने सांगेन.

वजन जास्त असेल, तर गणित वेगळे होते. लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याला पूर्वीसारखी दाद देत नाही. सोबत इन्सुलिनचाही प्रभाव घटतो आणि पीसीओएस (संप्रेरकांचा तोल बिघडून अंडाशयाच्या कामात अडथळा येणारा विकार) असलेल्या अनेक स्त्रियांत बीज सुटणे अनियमित होते. येथे वजन 5 ते 10 टक्क्यांनी उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते. 64 किलोच्या स्त्रीसाठी ही घट 3 ते 6 किलोंची आहे. ती काही महिन्यांत, रोजच्या चालण्याने आणि साखर, तळलेले पदार्थ व फराळाचा साबुदाणा कमी करून साधावी. एकदम जेवण तोडल्यास लेप्टिन कोसळते, भूक उसळते आणि उतरलेले वजन परत चढते.

लेप्टिनची रक्तचाचणी सहसा लागत नाही. डॉक्टर थायरॉईड, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारे संप्रेरक) आणि सोनोग्राफी पाहतात. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळी थांबलेल्या आठ स्त्रियांना लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर तिघींत बीज सुटले, परंतु तो नेहमीचा उपचार झालेला नाही, आणि लेप्टिनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत. वय 35 च्या आत असेल तर वर्षभर, त्यापुढे सहा महिने प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, किंवा पाळी मुळातच अनियमित असेल तर त्याही आधी, दोघांनी मिळून दवाखान्यात जावे. जाताना गोल केलेली ती दिनदर्शिका सोबत न्यावी, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत मागून घ्यावी.