गोव्यात नवा संसार आणि गावाकडच्या मुलाची पोटगी

वेर्ण्याला, कलंगुटला नोकरीसाठी आलेल्या आपल्या मंडळींना खोली कुठे बघायची, मासळी कुठे ताजी मिळते, हे शेजारी सांगतातच. दुपारी दुकानं बंद असतात, त्याची सवय होते. आपली माणसं घसरतात ती पोटगीत.

घटस्फोट झालेला, मूल आईकडे कोल्हापूर-साताऱ्याला. इथे कुणी भेटतं, दोघं एकत्र राहू लागतात, भाडं-किराणा वाढतो. मग शनिवारच्या बैठकीत एखादा दादा ठासून सांगतो, "गोव्याचा कायदाच वेगळा, तिकडचा हुकूम इथे चालत नाही." आपल्या लोकांना वकिलापेक्षा असल्या दादांवर भरवसा जास्त. लग्न आणि वारशासाठी 1867च्या पोर्तुगीज संहितेची परंपरा इथे आहे, खरं. पण पोटगीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम 125, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144, इथेही लागू आहे.

जोडीदारीण आली म्हणून मुलाची रक्कम घटत नाही. तिच्यावर त्या मुलाचा भार नाही. पण ती अर्धं भाडं देत असेल तर तुमचा हात किती मोकळा झाला, हे न्यायालय बघू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना मिळकत-खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, तिथे लपवाछपवी अंगाशी येते. पहिल्या बायकोने दुसरं लग्न केलं तर तिची पोटगी थांबते, मुलाची नाही.

स्वतःहून हप्ता कापू नका. पुन्हा सांगतो, कापू नका. माझ्या ओळखीतल्या एकाने नवं बाळ झाल्यावर आठ हजारांचे पाच केले, कुणाला न विचारता. थकबाकी साचली आणि वॉरंट थेट कंपनीच्या गेटवर आलं. थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. बाळाचा खर्च हे कारण मांडता येतं, पण त्याच संहितेच्या कलम 146खाली रक्कम बदलण्याचा अर्ज करून; निकाल लागेपर्यंत जुनी रक्कम पूर्ण भरायची. रोख भावाच्या हाती पाठवू नका, बँकेतून पाठवा, शेऱ्यात महिना लिहा.

इथे लग्न करणार असाल तर सिव्हिल रजिस्ट्रारकडची पहिली सही म्हणजे लग्न नव्हे, दुसरी सही होईपर्यंत थांबा. आणि दोघांच्या मालमत्ता वेगळ्या ठेवायच्या असतील तर करार लग्नाआधीच करावा लागतो, नंतर नाही.

बदलाचा अर्ज बहुधा मूळ हुकूम दिलेल्या न्यायालयातच करावा लागतो, तेव्हा वकील तिकडचाच गाठा आणि पगाराच्या पावत्या सोबत न्या.