गृहकर्जाचे हप्ते थकले आणि बँकेची नोटीस आली, तर काय करावे

गृहकर्जाचा एखादा हप्ता चुकला म्हणून बँक लगेच घराचा ताबा घेत नाही. पण हप्ता 90 दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए, ठरते आणि 2002 च्या सरफेसी कायद्याखाली वसुलीचा मार्ग बँकेला मोकळा होतो. या कायद्याखाली घर विकण्यासाठी बँकेला दिवाणी दावा लावावा लागत नाही. ‘कोर्टाचे समन्स आले की बघू’ असे म्हणून बसून राहिलेल्या अनेक कुटुंबांचे नुकसान नेमके इथे होते, कारण समन्स येतच नाही, बँकेच्या मागणी नोटिशीची मुदत संपली की थेट ताब्याची नोटीस दारावर लागते. म्हणून आपले खाते आज कोणत्या टप्प्यावर आहे हे पहिल्यांदा शाखेत जाऊन लेखी विचारून घ्यावे.

पहिल्या 90 दिवसांत सर्वाधिक पर्याय हाती असतात. नोकरी गेली असेल किंवा घरात मोठे आजारपण आले असेल, तर नोकरी संपल्याचे पत्र, रुग्णालयाची बिले आणि बँक खात्याचा उतारा जोडून कर्जाच्या फेररचनेसाठी, म्हणजे मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळण्यासाठी, अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. बँकेने अर्ज मान्य केलाच पाहिजे असे नाही, पण तोंडी विनवण्यांची नोंद कुठेच राहत नाही. कमी व्याजाच्या दुसऱ्या बँकेकडे कर्ज वळवायचे असेल तर तेही याच काळात शक्य आहे. एनपीए खाते सहसा कोणी स्वीकारत नाही. शिवाय खाते एकदा एनपीए झाले की एक-दोन हप्ते भरून ते पूर्ववत होत नाही, त्यासाठी मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरावी लागते. कर्जदाराच्या मृत्यूमुळे हप्ते थांबले असतील, तर कर्जासोबत विमा काढला होता का, हे मंजुरीपत्रात आणि जुन्या खातेउताऱ्यात अवश्य तपासावे. वारसांना अनेकदा त्याचा पत्ताच नसतो.

यानंतर येते ती सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) ची नोटीस, जी थकबाकी फेडण्यासाठी 60 दिवस देते. पोस्टमनला ‘माणूस घरी नाही’ असे सांगून ती परत पाठवल्याने काहीही साधत नाही. ती दारावर चिकटवून किंवा वर्तमानपत्रात छापूनही बजावता येते. नोटीस हाती आली की तीन गोष्टी पेनने खुणा करून वाचाव्यात: खाते एनपीए झाल्याची तारीख, मागितलेल्या रकमेची फोड आणि मिळकतीचे वर्णन. आपण भरलेला एखादा हप्ता जमा दाखवलेला नाही, सदनिकेचा क्रमांक चुकला आहे, किंवा रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये मनाई केलेले दंडव्याज लावले आहे, असे दिसले तर त्यावर लेखी हरकत घ्यावी. हरकत आल्यापासून 15 दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. हे उत्तर प्रतिकूल आले तरी एवढ्यावरून कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येत नाही, मात्र पुढे तिथे गेल्यास हाच पत्रव्यवहार कामी येतो. थकीत रक्कम मुद्दल आणि व्याजाच्या 20 टक्क्यांहून कमी असेल तर सरफेसी कायदा लागूच होत नाही, हेही पडताळून पाहावे.

उत्पन्न पूर्ववत होण्याची खरोखर आशा नसेल, तर माझ्या मते घर स्वतः विकणे हा सर्वांत कमी तोट्याचा मार्ग आहे, आणि तो मनाला लागतो म्हणूनच लोक तो उशिरा निवडतात. समजा, सदनिकेचा बाजारभाव 60 लाख आहे आणि बँकेचे येणे 38 लाख आहे. मालकाने स्वतः गिऱ्हाईक शोधले तर कर्ज फिटून 20 लाखांच्या आसपास हाती राहू शकतात. लिलावात मात्र बोली कमी लागते, दरम्यान व्याज चढत राहते आणि वसुलीचा खर्चही आपल्याच खात्यावर पडतो. 13(2) ची नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, म्हणून आधी संमती घ्यावी, बँकेकडून येणे रकमेचे पत्र मागावे आणि खरेदीदाराचे पैसे थेट कर्जखात्यात जमा होतील असे करारात लिहून घ्यावे. लिलावात घर जाऊन रक्कम उरली तर ती कर्जदाराला मिळते. कमी पडली तर उरलेल्या रकमेसाठी बँक कर्जदार आणि जामीनदाराच्या मागे येऊ शकते.

नातेवाइकांकडून काही रक्कम उभी राहत असेल तर एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव देता येतो. तो मान्य करणे बँकेच्या मर्जीवर आहे, आणि सिबिलच्या अहवालात खाते ‘बंद’ न दिसता ‘तडजोडीने मिटवलेले’ असे दिसते, ज्याने पुढची कर्जे अवघड होतात.

13(2) च्या नोटिशीचे 60 दिवस उलटल्यावर बँक प्रथम सांकेतिक, म्हणजे केवळ कागदोपत्री, ताबा घेते. दारावर नोटीस लागते आणि ती दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील पत्रात, छापली जाते. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम 14 खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांची किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांची मदत घेतली जाते. या ताब्याच्या कारवाईपासून 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे ही न्यायाधिकरणे आहेत. दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागण्यात पैसे घालवू नयेत, कारण कलम 34 ने ती वाट बंद केली आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. संपूर्ण येणे भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे नेऊन भरू, हा हिशेब 2016 च्या दुरुस्तीनंतर चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे.

कर्ज सहकारी बँकेचे असले तरी वरील सर्व लागू होते, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाने सहकारी बँकाही सरफेसीच्या कक्षेत असल्याचे स्पष्ट झाले. पतसंस्थेचे कर्ज असेल तर वाट निराळी आहे: तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेतला जातो, त्यामुळे निबंधकासमोरच्या सुनावणीलाच हजर राहून आपले म्हणणे मांडावे.

वसुली एजंटांनी सकाळी 8 पूर्वी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन केला, शेजाऱ्यांसमोर दमदाटी केली, तर कॉलची वेळ आणि नंबर टिपून बँकेकडे लेखी तक्रार करावी; 30 दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

शेवटी कर्ज कोणत्याही मार्गाने पूर्ण फिटले, तर मूळ दस्तऐवज 30 दिवसांत परत देणे आणि घरावरील बोजा उतरवणे ही बँकेची जबाबदारी आहे. तिच्या दोषामुळे उशीर झाल्यास दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मागता येते.